पोचल्याचा मिस कॉल

आमच्या आईला ती विसरायला लागली आहे, ही गोष्ट टीव्हीने सांगितली. खरं तर ते काम माझं होतं. मी रोज सकाळी ठरवायचे की आज बोलू, आणि रोज संध्याकाळी तिच्यापुढे चहाचा कप ठेवून दुसरंच काहीतरी बोलायचे.

त्या दिवशी ती कीर्तन लावून बसली होती. मी शेजारी बसून गवार मोडत होते. बुवा अगदी रंगात आलेले असताना कीर्तन मध्येच तुटलं आणि गोड गळ्याची एक बाई पडद्यावर येऊन विचारू लागली, "तुमची आई तेच तेच प्रश्न पुन्हा विचारते का? ठेवलेली वस्तू तिला सापडत नाही का?" पुढे कसलंसं चाटण होतं की गोळ्या होत्या, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. आईने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कोणाची गो आवस?" तिने विचारलं.

आवस म्हणजे आई. आमची आई मालवणकडची आणि मुंबईत सगळा जन्म काढूनही घरात मालवणीच बोलते. मी म्हटलं, "जाहिरात आहे गं. काहीतरी दाखवत असतात." तिने गवारीची एक शेंग उचलून पाहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "गवार कोणी आणली आज?" ती तिनेच आणली होती.

घरात आम्ही तिघी. आई, मी आणि कॉलेजात जाणारी माझी लेक. लेकीचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आईचं विसरणं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. फक्त एकदा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभी राहून, मी फोनवर टाइप केलं होतं: आई तेच तेच विचारते, कारण काय. कोणाजवळ तरी बोलावंसं वाटत होतं आणि हातात फोन होता, एवढंच. त्या दिवसापासून फोनने माझी पाठ सोडली नाही. स्मरणशक्तीचं सरबत, मोठ्या माणसांचे डायपर, कर्जतकडे डोंगराच्या कुशीतलं वृद्धांसाठी 'दुसरं घर'. ते मी अंगठ्याने वर ढकलत राहिले. पण टीव्हीसुद्धा माझ्याच खात्यावर चालतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. जिन्यात हळूच पुटपुटलेलं घरी येऊन आईच्या तोंडावर बोललं गेलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्याच दिवशी मी स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेले आणि बटणांचा फोन मागितला.

"मम्मी के लिए?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, माझ्यासाठी."

त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दुसरा सिम छुपाके रखना है क्या, मॅडम? बिनधास बोलो, बहुत लोग लेते हैं."

पन्नाशीच्या बाईवर एवढा संशय घेणारा माणूस विरळाच, म्हणून मला आधी हसू आलं आणि मग चीड आली. मी त्याला म्हटलं, "भाई, मला कोणी बघू नये म्हणून घेतेय." तो म्हणाला, "वही तो बोला मैं."

घरी आले तेव्हा आई खूश झाली. कारण मी आणलेला फोन हुबेहूब तिच्या फोनसारखा होता, तोच काळा रंग, तेच मोठाले आकडे. तिचा फोन जुना, आकडे बोटांनी झिजलेले, एवढाच फरक. "आता माणसात इलंस," ती म्हणाली. मग अदलाबदल होऊ नये म्हणून तिने आपल्या पाकिटातून टिकलीचं पान काढलं आणि एक लाल टिकली स्वतःच्या फोनच्या पाठीवर चिकटवली. बाबा गेल्यानंतर तिने टिकली लावणं सोडलं होतं, पण पान जपून ठेवलं होतं. टिकलीवाला आईचा, बिनटिकलीचा माझा. माझा मोठा फोन मी बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवला.

आता मिस कॉलबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पहिल्यांदा मोबाइल आला तेव्हा बोलणं महाग होतं आणि रिंग फुकट. तेव्हापासून आमच्या घरचा नियम आहे. बाहेर गेलेल्या माणसाने पोचल्यावर एक रिंग द्यायची आणि कापायची. एक रिंग म्हणजे पोचलंय. समोरच्याने ती उचलायची नाही. चुकून उचलली की आई त्या टोकाकडून ओरडायची, "उचललंस कित्याक?" मी ऑफिसच्या सहलीहून, बाळंतपणाला गेले त्या इस्पितळातून, लग्नाच्या वऱ्हाडातून तिला एक-एक रिंग दिलेली आहे. आता बोलणं जवळजवळ फुकट झालं, तरी नियम तोच. माझ्या लेकीला हे अजिबात कळत नाही. ती म्हणते, "अगं फोन कर ना सरळ! मिस कॉल काय देता? वर्ष कोणतं चाललंय?" पण आईला आणि मला त्या एका रिंगेत सगळं कळतं. पुढे बोलायचं काय असतं? पोचलो, संपलं.

रोज संध्याकाळी आई गल्लीच्या टोकाच्या देवळात भजनाला जायची. पोचली की मला रिंग यायची. मी अंधेरीला ऑफिसात असायचे. टेबलावर फोन एकदा वाजून गप्प व्हायचा आणि माझा जीव जागच्या जागी बसायचा.

बटणांच्या फोनचे पहिले दिवस फार सुखाचे गेले, हे मान्य करायला हवं. फोन कोणी केला तरच वाजायचा. माझ्या पोटातलं कोणाला विकलं जात नव्हतं. रिकाम्या वेळात मी त्यातला सापाचा खेळ खेळायचे आणि साप स्वतःच्याच शेपटीला चावून मेला की हसायचे. आणि टीव्हीवरची ती गोड बाईही हळूहळू यायची थांबली.

मग एकेक दार बंद व्हायला लागलं. आमच्या सोसायटीत कोणी आलं की फाटकावरून फोनच्या ॲपवर विचारणा होते. माझ्याकडे ॲप नाही, तर गॅसवाला सिलिंडर घेऊन फाटकावर उभा आणि मी वर वाट बघत बसलेली. ऑफिसात हजेरी फोनसमोर तोंड धरून लावायची असते. मी साहेबांना म्हटलं, "मी समोर उभी आहे, दिसत नाही का?" ते म्हणाले, "मला दिसतंय हो, सिस्टिमला दिसत नाही." बँकेचं तेच, विजेच्या बिलाचं तेच. शेवटी हजेरी साहेबांच्या फोनवर आणि बाकी सगळं लेकीच्या फोनवर वळवावं लागलं. गॅसवाला तिच्या कॉलेजात विचारायला लागला, वर जाऊ का. ती लेक्चरमधून हो म्हणायची. म्हणजे मी माझं खासगीपण वाचवलं आणि ते लेकीच्या फोनात राहायला गेलं.

"मम्मी, तू स्वतः सुटलीस आणि माझी वाट लावलीस ना," ती एकदा वैतागून म्हणाली. तिचं खोटं नव्हतं.

तोपर्यंत आईचं विसरणं तिच्याही लक्षात आलं होतं. एका रविवारी आजी अंघोळीला गेलेली बघून ती माझ्याजवळ येऊन बसली. "आजीला साधा स्मार्टफोन देऊ या ना. नुसता पर्समध्ये ठेवायचा. लोकेशन ऑन. ती कुठेय ते आपल्याला दिसेल."

"आजी काय पार्सल आहे?" मी म्हटलं.

"तसं नाही गं. भीती वाटते."

"देऊळ गल्लीत आहे. ती जाते, मिस कॉल देते, येते. तिला कोणी सारखं बघत बसायची गरज नाही."

मला तेव्हा तेच पटलेलं होतं आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण सुटलेलं नाही. आईचं सगळं एकेक करून काढून घेतलं जात होतं. गॅस पेटवणं आम्ही बंद केलं होतं, बँकेत जाणं बंद केलं होतं. देवळापर्यंत एकटीने जाऊन एकटीने परत येणं, एवढंच तिचं स्वतःचं उरलं होतं. तेवढं तरी कोणाच्या नजरेखाली नसावं असं मला वाटत होतं. मीसुद्धा तिथे डोकावू नये.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. संध्याकाळी टेबलावर फोन वाजला, एकदाच. पडद्यावर 'आई' आणि पुढे एक मिस कॉल. पोचली. मी हातातलं काम पुरं केलं, वाटेत फुलं घेतली आणि घरी आले. आई आली नव्हती. भजन लांबलं असेल म्हणून देवळात गेले, तर बायका सतरंजी गुंडाळत होत्या. "आज त्या आल्याच नाहीत," एकीने सांगितलं. "आम्हीच म्हटलं, बरं नाही की काय."

मी तिथेच उभ्या उभ्या आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. फोन चालू होता, जवळ होता की नाही कोण जाणे, उचलत कोणी नव्हतं. लेक धावत आली. आम्ही दोघी भाजी मार्केट, उद्यान, दवाखाना, सगळं पालथं घातलं. लेक एका शब्दानेही लोकेशनचं बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

पोलीस चौकीत त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती आईचा अलीकडचा फोटो. माझ्या हातात बटणांचा फोन. आईचे सगळे फोटो साड्यांखाली, बंद पडलेल्या फोनात. लेकीने तिचा फोन उघडला आणि एकामागून एक फोटो बघत गेली. आजीबरोबरचे तिचे फोटो भरपूर होते, पण प्रत्येकात तिने काहीतरी गंमत केलेली. आजीला कुत्र्याचे कान, आजीला मांजराच्या मिश्या, आजीच्या डोक्यावर फुलांचा मुकुट. शेवटी त्यातल्या त्यात बरा म्हणून मुकुटवाला दाखवला. हवालदारांनी तो मुकुटासकट नीट बघून घेतला. त्यांनी विचारलं, "साडी कोणती होती?" मला सांगता येईना. मी सकाळी निघाले तेव्हा ती गाऊनमध्ये होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पडद्यावर 'आई'. मी बघत राहिले. एक रिंग झाली. मग दुसरी झाली. आईचा फोन दुसऱ्यांदा वाजत नाही. इतक्या वर्षांत वाजलेला नाही. तिसऱ्या रिंगेला लेकीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

पलीकडे एक अनोळखी बाई होत्या. पार्ल्याहून बोलत होत्या. "तुमच्या आई आमच्या बिल्डिंगमध्ये बसल्यात. सुखरूप आहेत, चहा दिलाय. तुम्ही या."

आई लग्न होऊन मुंबईत आली ती पार्ल्याच्या एका चाळीत. मी तिथेच जन्मले. आम्ही बोरिवलीला आल्यावर काही वर्षांनी चाळ पाडली आणि तिथे काचेचा टॉवर उभा राहिला. बोरिवलीहून ती तिथपर्यंत कशी गेली, कुठे उतरली, कोणाला विचारलं, हे तिला सांगता आलं नाही आणि आम्हाला कधी कळलं नाही.

टॉवरच्या खालच्या मजल्यावर गुळगुळीत फरशीचा मोठा हॉल होता. आईने चपला दाराबाहेर काढून नीट जोडीने ठेवल्या होत्या आणि ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती. अंगावर नेहमीची देवळाची साडी, मांडीवर पाकीट, पाकिटावर फोन. मला बघून तिला आनंदही झाला नाही आणि आश्चर्यही वाटलं नाही.

"वास येणा नाय गो आज," ती म्हणाली. "भट्टी बंद आसा काय?"

चाळीत होतो तेव्हा दिवसभर बिस्किटांच्या कारखान्याचा वास यायचा. कारखाना बंद होऊनही किती काळ लोटला. मी म्हटलं, "हो, बंद आहे."

ज्यांनी फोन केला त्या बाई तिथेच वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुमचा फोन येत होता हो सारखा. मी म्हटलं आजी उचला, तर त्या म्हणाल्या, राहू दे, मुलीचा मिस कॉल आहे, पोचली वाटतं घरी. आणि इतक्या समाधानाने हसत होत्या की मला वाटलं खरंच तसं असेल. बराच वेळ गेल्यावर मीच त्यांच्या हातून फोन घेतला."

मी देवळासमोर उभी राहून, मार्केटमध्ये धावत, चौकीच्या पायरीवर बसून घाबरीघुबरी होऊन फोन करत होते, आणि तिकडे आई प्रत्येक वेळी फोनकडे बघून निश्चिंत होत होती की मुलगी घरी पोचली. तिची एक रिंग ऐकून मी ऑफिसात निश्चिंत झाले होते तशीच. नियम दोघींनी पाळला होता. कुठे काही चुकलं नव्हतं. मी दाराबाहेरच्या तिच्या चपला आणून तिच्या पायाशी ठेवल्या.

रिक्षात आई मध्ये बसली, एका बाजूला मी, एका बाजूला लेक. हायवेवर आल्यावर ती माझ्याकडे वळली. "मी तुका मिस कॉल दिलंय ना?"

"हो, दिलास."

"मगे न्हेवक कित्याक इलंस?"

घ्यायला का आलीस, असं तिने विचारलं होतं. पोचलेल्या माणसाला घ्यायला येतात का? लेकीने तोंड बाहेर वळवलं. मी गोरेगाव येईपर्यंत आईचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी साड्यांखालचा फोन मी काढला आणि चार्जिंगला लावला. जिवंत होताच तो इतका वेळ थरथरत राहिला की टेबलावरून सरकत कडेला आला. लेकीने नाण्याएवढी एक चकती मागवली. ती पाकिटात ठेवली की माणूस कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दिसतं. आईच्या पाकिटाचं अस्तर मी उसवलं, चकती आत सरकवली आणि बारीक टाक्यांनी पुन्हा शिवून टाकलं. आई समोरच बसली होती. "फाटला काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो, जरासं." शिवण बघून ती म्हणाली, "बरा शिवलंस."

त्या संध्याकाळपासून मी तिला बघायला लागले. ठिपका घरात. ठिपका गल्लीत. ठिपका देवळात. ठिपका थोडा थांबला की मी घामाघूम, आणि ती नुसती कोणाशी तरी बोलत उभी असायची. ज्या फोनला मी घाबरून पळाले होते त्याने मलाच पहाऱ्यावर बसवलं. चकती मागवल्यानंतर जाहिरातीही परत आल्या, आधीपेक्षा जास्त. कर्जतचं ते 'दुसरं घर' आता आईचं वयही विचारतं. मी चिडत नाही. चिडून जायचं कुठे, तेही कळत नाही.

पुढे ठिपक्याचीही गरज उरली नाही. पावसाळ्याच्या आधी आई पडली, पाय सुधारला, पण देवळाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. आता ती खाटेवर असते. दिवसा सोबतीला एक मावशी येतात. पाकीट तिच्या उशाशी, त्यात चकती, आणि शेजारी टिकलीवाला फोन. टिकलीचा लाल रंग उडून गुलाबी झालाय. कधी कधी ती मला ताई म्हणते. तिची थोरली बहीण मी पाहिलेलीसुद्धा नाही.

परवा दुपारी ऑफिसात होते. फोन वाजला, एकदाच, आणि थांबला. पडद्यावर 'आई'. मी घाईघाईने नकाशा उघडला. ठिपका घरात. तरी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "खाटेवर बसल्यात हो. मघापासून भिंतीकडे बघतायत. मग फोन घेतला आणि काहीतरी दाबलं. आता छान हसतायत. काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.

ती कुठेतरी पोचली होती आणि पोचल्यावर तिने मला कळवलं होतं. मी ठिपका बोटांनी मोठा मोठा करून बघितला. आमची इमारत दिसत होती, शेजारचं मैदान दिसत होतं. मग नकाशा बंद केला, आईचा नंबर लावला, पलीकडे एक रिंग होऊ दिली आणि कापला.